काढायची म्हणून वाढवायची

मी ट्रान्स बाई आहे. हॉर्मोन्स सुरू केले ऑगस्ट २०२० मध्ये. तेव्हा माझी बाळबोध समजूत अशी होती की, गोळ्या घेत राहिलं की दाढी विरळ होत जाईल आणि एक दिवस यायचीच बंद होईल. पाच महिने रोज सकाळी हनुवटीवरून बोट फिरवून पाहत होते. जानेवारीत एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हॉर्मोन्सच्या डॉक्टरांना, विचारलं, तर त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "हातापायांवरचे केस बारीक होतील, दाढीची वाढ थोडी मंदावेल. पण टेस्टोस्टेरॉनने ज्या मुळांना एकदा राठ केस फुटवले, ती मुळं इस्ट्रोजेनने परत कोवळी होत नाहीत. ती एकेक करून मारावी लागतात."

घरी येऊन खूप रडले. आज हे लिहितेय ते साडेचार वर्षांनी, १०४ तास दाढीची मुळं मारणाऱ्या सुईखाली काढून झाल्यावर. तेव्हा कोणीतरी क्रमाने सांगितलं असतं, तर निदान पहिलं वर्ष वाया गेलं नसतं.

आधी माझी परिस्थिती सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर ठरलं. सुरुवातीला वय ३८. दाढी वीस वर्षांची, दाट आणि काळी. हनुवटीवर डझनभर पांढरे केस. त्वचा सावळी. कितीही घोटून दाढी केली, तरी कातडीखालची मुळं दिसायची आणि जबड्यावर हिरवट-करडी सावली राहायची. तिच्यावर आधी नारिंगी करेक्टर, मग फाउंडेशन, मग पावडर. दुपारी तीनच्या सुमारास खुंट त्या थरातून वर यायचे. बोलताना हात आपोआप हनुवटीकडे जायचा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मी घाईने एका ठिकाणी गेले. पाटीवर "लेझर" लिहिलं होतं. यंत्र मात्र आयपीएलचं होतं. आयपीएल म्हणजे बऱ्याच तरंगलांबींचा मिसळलेला प्रखर झोत, लेझर नव्हे. हे मला कुठून माहीत असणार? चार सिटिंग झाल्या. चौथ्या वेळी जबड्यावर चटका बसला, तो नेहमीसारखा विरलाच नाही. दोन दिवसांनी तिथे तीन तपकिरी चौकोन उमटले, यंत्राच्या काचेच्या नेमक्या आकाराचे. परत जाऊन दाखवलं, तर "सगळ्यांना होतं, क्रीम लावा" म्हणाले. डाग जायला सप्टेंबर उजाडला. तोवर कोणत्याही उपचाराला हात लावता आला नाही.

म्हणून पहिली गोष्ट. पैसे भरण्याआधी यंत्र कोणतं आणि तरंगलांबी किती, हे विचारा. उत्तर देता येत नसेल, तर पर्स उचला आणि निघा.

ऑक्टोबरमध्ये त्वचारोगतज्ज्ञांकडे वेळ घेतली. फोनवर रिसेप्शनच्या मुलीने माझा आवाज ऐकून तीन वेळा "सर" म्हटलं. मी प्रत्येक वेळी नाव सांगत राहिले. तिथे गेल्यावर फॉर्म भरला. ओळखपत्रावर जुनं नाव, माझं नाव वेगळं. "हाक मारताना वापरायचं नाव" असा रकाना नव्हता, तेव्हा समासात पेनाने लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. बाहेर पुकारताना तरी तेच नाव आलं. करून पाहा, बऱ्याचदा चालतं.

डॉक्टर बाई बोलक्या निघाल्या. लेझरची मूळ कल्पना १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडली: योग्य रंगाचा प्रकाश योग्य तेवढ्याच क्षणापुरता सोडला, तर तो काळ्या रंगद्रव्यात शोषला जाऊन नेमकं तेच तापवतो. केसातलं मेलॅनिन तापतं, ती धग मुळापर्यंत जाते. अडचण अशी की, सावळ्या कातडीतही मेलॅनिन असतं. माझे तीन चौकोन तिथूनच आले होते. गोऱ्या त्वचेला ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अलेक्झांड्राइट लेझर चालतो. माझ्यासाठी त्यांनी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लिहिला. हा प्रकाश वरच्या थरात कमी अडकतो आणि खोल जातो. "आणि तुमच्या पांढऱ्या केसांना तो दिसणारसुद्धा नाही," हेही त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं.

संमतिपत्र मी घरी नेऊन वाचलं. त्यात कुठेही "कायमचे केस जातील" असं नव्हतं. "केसांच्या संख्येत कायमची घट" असं होतं. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय यंत्रं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेचीही लेझरसाठी हीच भाषा आहे. कायमचं निर्मूलन हा शब्द ते फक्त इलेक्ट्रोलिसिसला, म्हणजे बारीक सुईतून वीज सोडून एकेक मूळ मारण्याला, लावतात. वाचून जरा खट्टू झाले, पण माझा पुढचा बेत त्या ओळीवर बसला: आधी लेझरने रान विरळ करायचं, मग उरलेलं सुईने. सगळी दाढी थेट सुईने काढायची म्हटलं, तर शेकड्यांनी तास लागू शकतात.

कानाखाली टेस्ट पॅच घेतला, दोन आठवडे थांबले. डाग पडला नाही. पहिली सिटिंग ९ नोव्हेंबर २०२१.

लेझरला जाताना त्याच सकाळी दाढी करून जायचं असतं. केस वर असला, तर तिथेच जळून कातडी भाजते. पण मूळ आत शाबूत हवं, म्हणून आधीचे चार ते सहा आठवडे चिमटा, थ्रेडिंग, वॅक्सिंग बंद. ऊन टाळायचं, सनस्क्रीन लावायचं. तोंडाभोवती नागीणसारखे पुरळ, म्हणजे कोल्ड सोअर, पूर्वी आले असतील तर आधी सांगायचं. डॉक्टर त्यावर गोळ्या सुरू करतात. मला कधी आले नव्हते, तरी त्यांनी दोनदा विचारलं. डोळ्यांवर धातूचा चष्मा बसवला. तो कितीही टोचला तरी काढू नका.

दुखतं का? दुखतं. रबरबँड ताणून सोडल्यासारखं, असं सगळे म्हणतात. तो रबरबँड तापलेला असतो, हे सांगायचं राहून जातं. गालावर सोसलं. वरच्या ओठावर पहिला फटका बसला आणि डोळ्यांतून धार लागली, पाठोपाठ चार शिंका. रडू नव्हे ते. तिथल्या नसाच तशा आहेत. करपलेल्या केसांचा वास घरी पोचेपर्यंत नाकात होता.

बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल एक कळकळीचं सांगणं. लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम तासभर आधी लावून वर प्लास्टिक गुंडाळलं की चांगला फरक पडतो. पण चेहरा आणि गळा मिळून जाड थर देऊन तासन्‌तास बसू नका. औषध कातडीतून रक्तात उतरतं, जास्त झालं तर हृदयाला आणि मेंदूला बाधतं. मला डॉक्टरांनी किती ग्रॅम आणि किती जागेवर ते लिहून दिलं होतं. मी फक्त ओठ आणि हनुवटीला लावायचे.

चौथ्या दिवसापासून मला वाटलं, पैसे पाण्यात गेले. केस वाढताना दिसत होते. बाराव्या दिवशी तोंड पुसलं, तर टॉवेलवर काळी भुकटी. ते वाढत नव्हते, मेलेले केस बाहेर ढकलले जात होते. पुढचे दोन आठवडे चेहरा असा काही गुळगुळीत होता की, मी कारणाशिवाय बाहेर फिरून आले. मग निम्म्याहून जास्त परत आले. एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात. झोपलेल्या मुळांवर लेझरचा फारसा परिणाम होत नाही, ती जागी झाली की पुन्हा गाठायची. म्हणून पाच-सहा आठवड्यांचं अंतर. ऑक्टोबर २०२२ पर्यंत आठ सिटिंग झाल्या. करडी सावली जवळजवळ गेली, नारिंगी करेक्टरची डबी अर्धीच राहिली. ओठावर आणि हनुवटीवर मात्र हट्टी केस होतेच, आणि ते डझनभर पांढरे आता दोन डझन झाले होते.

इथून सुईचा काळ.

इलेक्ट्रोलॉजिस्ट ताईंकडे सात आठवड्यांची प्रतीक्षा होती. त्या मधल्या काळात मी विम्याच्या मागे लागले. नोव्हेंबरमध्ये अर्ज केला. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: सौंदर्योपचार, सबब नामंजूर. अपील केलं. सोबत एंडोक्रायनॉलॉजिस्टचं पत्र, समुपदेशकांचं पत्र, आणि उरलेले केस लेझरने जाण्यासारखे नाहीत असं त्वचारोगतज्ज्ञांचं पत्र. ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपॅथ या जागतिक संस्थेची उपचार-मानकांची आठवी आवृत्ती २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आली होती. तीत चेहऱ्यावरचे केस काढणं हे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचारांत धरलंय, तो उतारा जोडला. फाइल तीन आठवड्यांनी परत. का, तर दोन पत्रांत माझं नवं नाव आणि एकात जुनं. तिन्ही डॉक्टरांकडून "पूर्वीचं नाव अमुक" अशी एकसारखी ओळ घालून पत्रं पुन्हा आणली. एप्रिल २०२३ मध्ये चाळीस तास मंजूर झाले. बाकीचे माझ्या खिशातून. माझी बचत जवळजवळ सगळी यात गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. सुईचे पैसे केसांवर नाही, वेळेवर मोजतात. सलग दोन तास घेतले तर दर कमी पडतो का, हे विचारून घ्या. माझ्याकडे पडला.

मंजुरीची वाट न बघता पहिली वेळ घेतली ती २१ जानेवारी २०२३, शनिवार. केसांएवढी बारीक, माझ्यासमोर पाकिटातून काढलेली निर्जंतुक सुई. ती केसाच्या कडेने त्याच्याच छिद्रात उतरते, कातडी भोसकत नाही. मी ब्लेंड पद्धत घेतली, तीत दोन प्रवाह एकत्र असतात. एक उष्णता देतो. दुसरा छिद्रातल्या खारट ओलाव्यातून कॉस्टिक सोडा तयार करतो आणि तो मूळ जाळतो. हा दुसरा प्रवाह पुरा व्हायला उजव्या हातात एक गार, ओल्या कापडात गुंडाळलेली दांडी धरायची. मी ती एवढी आवळून धरायचे की, ताई म्हणायच्या, "हळू, पळून नाही जात ती." बोलण्यात वेळ जावा म्हणून त्यांनीच सांगितलं की, ही पद्धत दाढीसाठी निघालीच नव्हती. १८७५ मध्ये सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने आत वळून बुबुळाला घासणाऱ्या पापण्यांसाठी ती वापरली.

एकेका केसाला सात-आठ सेकंद. मग चिमट्याने उचलायचा. मूळ खरंच मेलं असेल तर केस न ओढता सरकून बाहेर येतो, बुडाशी ओलसर पांढरट आवरण आणि काळा गोंडा. पहिला असा केस त्यांनी मला भिंगाखाली दाखवला. वीस वर्षं रोज सकाळी ज्याच्याशी झटापट केली, तो एवढासा. चिमटा ओढल्याचा झटका जाणवला तर लगेच सांगा, गप्प बसून सोसू नका. तो केस मेलेला नसतो, नुसता उपटलेला असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती. लेझरला दाढी करून जायचं असतं, सुईचं उलट. चिमट्याला धरायला केस हवा, म्हणून दोन-तीन दिवस दाढी करायची नाही. बुधवारी रात्री शेवटचं ब्लेड, शनिवारी सकाळी सुई. मधले गुरुवार आणि शुक्रवार मी बाई म्हणून, बाईच्या कपड्यांत, दाढी वाढवून जगत होते. लेझरच्या वर्षात हे आलं असतं तर मास्क होते, कोणाला कळलं नसतं. २०२३ मध्ये मास्क घालणारी मी एकटीच. शुक्रवारी कामाच्या बैठकीत कॅमेरा बंद ठेवायचे आणि नेट खराब आहे म्हणायचे. सलग नऊ शुक्रवार नेट खराब. एकदा आरशात स्वतःकडे पाहिलं, कानांत डूल, ओठांखाली खुंट, आणि वाटलं, पैसे देऊन मी उलट्या दिशेने चाललेय. त्या आठवड्यात मी न जाण्याचं ठरवलं. ब्लेड हातात घेतलं, ओठाचा अर्धा भाग साफ केला, आणि मग ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अर्धा केलात ना? मग उरलेल्या अर्ध्यावर काम करू. या."

तेव्हा कळलं की, सगळा चेहरा वाढवायची गरजच नव्हती. हे मला आधी का सुचलं नाही, देव जाणे. पुढे आम्ही चेहऱ्याचे पाच भाग पाडले. त्या शनिवारचा जो भाग असेल तेवढाच वाढवायचा, बाकी रोज साफ. डावा जबडा असेल तर मोकळे केस डाव्या खांद्यावर. ओठ लहान, म्हणून सर्वांत आधी तो संपवायचा, कारण तो लपवता येत नाही. आणि आधी नीट दाढी करून मगच तीन दिवस वाढवायची, म्हणजे वर येणारे केस वाढीच्या अवस्थेतलेच असतात आणि सुई त्यांच्यावरच नीट चालते. शेवटी ब्लेडही उपचाराचाच भाग झालं.

ओठासाठी दोनदा मी दंतवैद्याकडून बधिर करणारं इंजेक्शन घेतलं. दोन्हीकडच्या वेळा जुळवणं हा एक वेगळाच उद्योग. पण त्या दोन शनिवारी सलग दोन तास काम झालं, आणि परतताना मला पाणीसुद्धा नीट पिता येत नव्हतं, हनुवटीवरून ओघळायचं. एरवी इअरफोन, पोटात काहीतरी आणि भरपूर पाणी. आदल्या दिवशी पाणी कमी झालं की जास्त दुखतं, असा माझा अनुभव.

नंतर सूज दोन दिवस. गार पट्टी, कोरफडीचं जेल, चोवीस तास मेकअप नाही, घाम येईल असं काही नाही. तिसऱ्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्या खपल्या धरतात, त्या खरवडायच्या नाहीत. मी एकदा खरवडल्या. उजव्या गालावरचा तो ठिपका आठ महिने होता. एका रविवारी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची छोटी मुलगी बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "काकू, तुम्हाला डास चावले?" मी म्हटलं, "हो ग, खूप." तिने तिच्या कोपरावरचा दाखवला.

१७ जून २०२३ ला पहिल्यांदा सगळा चेहरा एकदा पूर्ण झाला. ३८ तास. मला वाटलं, संपलं. तीन आठवड्यांत पुन्हा केस. ताईंनी आधीच बजावलं होतं, तरी मी खचले. हे बहुतेक नवे होते, तेव्हा झोपलेले. प्रत्येक फेरीत मात्र उगवण कमी, आणि केसही मऊ. मी एका वहीत फक्त तारीख आणि तास लिहीत होते. आरसा रोज वेगळं सांगायचा. २०२३ मध्ये ७१ तास, २०२४ मध्ये २७, २०२५ मध्ये मार्चपर्यंत ६. मधे एकदा, एका कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, हनुवटीवरचा एक केस चिमट्याने उपटला. पुढच्या वेळी ताईंनी तो शोधला, आणि छिद्रात काहीच नाही म्हणून नुसत्या माझ्याकडे बघितल्या. दोन वेळांच्या मधे एखादा केस आला तर कात्रीने कापा, ब्लेड फिरवा, उपटू नका.

ऑगस्ट २०२४ पासून शुक्रवारी कॅमेरा चालू असतो. वाढवायला काही उरलंच नाही, तीन-चार आठवड्यांनी जे दिसेल ते घेऊन जायचे. मार्चमध्ये शेवटची वेळ झाली, तेव्हा ताईंनी दिवा कानापासून कानापर्यंत फिरवला आणि सात केस काढले, पाच पांढरे. अकरा मिनिटं लागली. पैसे पंधरा मिनिटांचे घेतले, त्याहून कमी वेळ त्यांच्याकडे मिळत नाही. उरलेल्या चार मिनिटांत त्यांनी माझ्या भुवया नीट करून दिल्या.